आम्ही बरे दिसलो तो दिवस

उद्या सकाळी मला परत तिकडे नेणार आहेत. आज दुपारी डोकं जरा शांत आहे, म्हणून लिहायला बसले. आजारपणाबद्दल लोक बहुधा बरं झाल्यावर लिहितात. मी बरं होण्याची वाट बघत बसले तर हे कागदावर येणारच नाही. शिवाय मला जे सांगायचं आहे ते ज्यांच्या घरात माझ्यासारखं माणूस आहे त्यांना आत्ता हवं आहे. माझं पुढे काय होतं याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

माझं नाव कल्पना, गाव तिसगाव. लग्न झालं होतं, मोडलं. ते आजाराच्या आधीच मोडलं, त्यामुळे त्याचं खापर आजारावर फोडता येत नाही. घरात आई आहे, मोठा भाऊ संजयदादा, मंगलवहिनी आणि त्यांच्या मुली. दादाचा टेम्पो आहे, तो आसपासच्या गावांतला भाजीपाला नगरला पोचवतो. माणसं सगळी चांगली आहेत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की घरच्यांनी टाकली. तसं नाही.

०००

आजार सुरू झाला तेव्हा मी सुप्याच्या एमआयडीसीत कामाला होते. राहायला केडगावला, मैत्रिणींबरोबर एका खोलीत. सकाळी पुणे रोडवर कंपनीची बस यायची. माझं काम तपासणीचं. रबराचे वायसर उजेडाला धरून बघायचे, चांगला असेल तो निळ्या क्रेटमध्ये, खराब असेल तो लाल क्रेटमध्ये. हात इतका बसला होता की गप्पा मारता मारता काम उरकायचं.

मग लाइनवरच्या बायका माझ्याबद्दल बोलतात असं ऐकू यायला लागलं. वळून बघावं तर त्यांची तोंडं बंद. पुढे त्या बोलायच्या थांबल्या आणि एक बाप्याचा आवाज सुरू झाला. तो म्हणायचा, हा माल जाऊ देऊ नकोस, ह्याने माणसं मरतील. मी सगळा चांगला माल लाल क्रेटमध्ये टाकायला लागले. सुपरवायझर बिचारा भला होता. त्याने आरडाओरडा केला नाही, मला कँटीनमध्ये चहा घेऊन बसवलं आणि दादाला फोन लावला. दादा टेम्पो घेऊनच आला. मागे कोथिंबिरीच्या जुड्या, पुढे मी. सगळ्या रस्त्याने तो माझ्याशी आमच्या लहानपणाचं बोलत राहिला. मला त्याचं बोलणं त्या दुसऱ्या आवाजाच्या आडून ऐकावं लागत होतं.

नगरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. नाव इथे लिहीत नाही. नाव कळलं की लोक तेवढंच लक्षात ठेवतात. दादाने विचारलं, किती दिवसांत बरी होईल? डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, साखरेच्या आजाराचं जसं असतं तसं धरा, गोळ्या चालू ठेवायच्या. दादाने मान डोलावली. बाहेर आल्यावर त्याने मला उसाचा रस पाजला आणि स्वतः न पिता रस्त्याकडे बघत उभा राहिला. तो दिवस आठवला की मला डॉक्टर आठवत नाहीत, दादाची ती पाठ आठवते.

आमच्या घरात अंगारेधुपारे चालत नाहीत. वडिलांनी घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली उभं राहून सांगून ठेवलं होतं, आजारी माणूस डॉक्टरकडे न्यायचा. ते हयात असते तर आईची छाती झाली नसती. पण त्या वर्षी ती मला शेजारणीच्या सांगण्यावरून कुठे कुठे घेऊन गेली, आणि येताना म्हणायची, संजूला सांगू नको. मला राग यायचा नाही. तिला दुसरं करता तरी काय येत होतं?

०००

गोळ्यांनी काही दिवस बरं वाटायचं, मग मी त्या सोडून द्यायचे. एकदा मी अंगणातून दगड घेऊन वहिनीच्या मागे धावले. वहिनीच्या कडेवर धाकटी होती. त्यानंतर मला तिकडे ठेवलं.

तिकडे म्हणजे मोठं मनोरुग्णालय. आमच्या घरात त्याचं नाव कुणी घेत नाही, सगळे तिकडे म्हणतात. तिथे मारहाण झाली नाही, उपाशी ठेवलं नाही. असं काही झालं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. दारातच आपले कपडे काढून घेतात आणि सगळ्यांचा असतो तसला गाऊन देतात. उवा होतात म्हणून केस कापतात. आंघोळीला रांग, चहाला रांग, गोळीला रांग. गोळी गिळली की तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची. मग दिवसभर काही नाही. व्हरांड्याच्या जाळीतून एक लिंबाचं झाड दिसायचं, त्याच्याकडे बघत सगळ्या बसायच्या.

राउंडला डॉक्टर यायचे आणि विचारायचे, कशा आहात? मी म्हणायचे, बरी आहे. शेजारची म्हणायची, बरी आहे. तिच्या शेजारची पण तेच म्हणायची. ते पुढे जायचे. तिथे खरोखर बऱ्या झालेल्या बायका होत्या, कित्येक वर्षांच्या. त्यांना न्यायला कुणी येत नव्हतं. त्यातली एक मला रात्रीच्या जेवणाआधी वेणी घालून द्यायची, म्हणजे घातल्यासारखं करायची. कापलेल्या केसांत बोटं फिरवून म्हणायची, झाली बघ तुझी वेणी.

हे मी आईला कधीच सांगितलं नाही, ना केसांचं, ना गाऊनचं. ती भेटायला यायची तेव्हा भेटीसाठी म्हणून आम्हाला साडी नेसवून डोक्यावर पदर देऊन बसवायचे. तिला वाटलं मी तिथे तशीच राहते.

०००

मला तिथून सोडवलं ते सविताताईने. ती काही नात्याची नव्हे. आमच्या भागात सरकारच्या पैशातून एक योजना आली होती. माझ्यासारख्यांना लांब नेऊन कोंडण्यापेक्षा गावातच सांभाळायचं, घरच्यांना हात द्यायचा, अशी. सविताताई तिची कार्यकर्ती. स्कूटीवरून घरोघर फिरत ती आमच्याकडे आली, दादाशी बोलली आणि म्हणाली, बहिणीला घेऊन या, आपण मिळून बघू. मिळून हा शब्द दादाने त्याआधी कुणाकडून ऐकला नव्हता. दुसऱ्याच आठवड्यात तो मला घ्यायला आला.

केंद्राला ग्रामपंचायतीने जागा दिली होती ती जुन्या जनावरांच्या दवाखान्याची. गावातली पोरं चिडवायची. केंद्रात आमच्याबरोबर येणारे भागूजीअण्णा त्यावर हसून म्हणायचे, "आदी मेंढरं घिऊन यायचो हितं. आता मीच आलो." अण्णांचं सबंध आयुष्य मेंढरांमागे गेलेलं. बायको गेली, मूलबाळ नाही, आणि मेलेला भाऊ त्यांच्याशी बोलायचा. कधी कधी तो फार वाईट बोलायचा. तेव्हा अण्णा कानावर मुठी दाबून बसायचे.

तिथे काय होतं? सांगायला गेलं तर काहीच नाही. डाळ-भात सगळ्यांनी मिळून रांधायचा. गोळ्या तिथेच मिळायच्या, घ्यायला विसरलं की ताई घरी यायची. महिन्याला डॉक्टर यायचे. कुणाचं बिनसलं तर ताई आणि आमच्यातलं एखादं त्याच्या घरी जाऊन बसायचं, घरच्या बाईला जरा श्वास घ्यायला मिळायचा. वहिनी किती तरी वर्षांनी माहेरी चार दिवस राहून आली ती तेव्हाच.

आणि एक रीत होती. सकाळी आलं की गोल बसायचं आणि आज कसं आहे ते सांगायचं. पण बरं आहे हा शब्द चालायचा नाही. ताईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, इथे बरं असल्याचं दाखवायची सक्ती नाही. मग कुणी सांगायचं, आज रडू येतंय. कुणी सांगायचं, आज भाकरी खाल्ली नाही, तिच्यात काहीतरी घातलंय असं वाटलं. अण्णा सांगायचे, आज भाऊ शिव्या देतोय. ऐकून घ्यायचं, दचकायचं नाही आणि कांदा चिरायला घ्यायचा. आवाज माझे कधी गेले नाहीत. पण सकाळी ते चारचौघांत सांगून टाकले की दिवसभर त्यांचा जोर चालत नसे. माझ्या आजारपणातलं चांगलं असं काही असेल तर ते एवढंच.

०००

मग निरोप आला की वरून साहेब बघायला येणार आहेत. पुढचा पैसा द्यायचा की नाही ते त्यावर ठरणार होतं.

आमच्याकडे कुणी येणार म्हटलं की काय होतं ते आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको. सरपंचबाईंनी भिंतींना चुना मारून घेतला. दारात सडा पडला, रांगोळी आली. साहेबांसाठी शाल-नारळ, ड्रायव्हरसाठी टोपी-टॉवेल. आईने पुरण घालायचं ठरवलं, आणि इतर घरांतून कुणी दूध दिलं, कुणी तूप. अण्णा दाढी करून नवं धोतर नेसून आले. मला आईने पेटीतली मोरपंखी साडी काढून दिली. वडिलांनी घेतलेली, तिने स्वतः कधी न नेसलेली.

सविताताईच्या जिवाला मात्र स्वस्थता नव्हती. ती सगळ्यांना सांगत होती, रोज सकाळी सांगता तसंच साहेबांना सांगा, काही लपवू नका. आईला ते पटेना. ती पुरण वाटता वाटता म्हणाली, "पाव्हन्याफुडं रडगानं कशापायी गायाचं? त्यांना वाटंल, ह्यास्नी इतकं दिलं तरी ह्यांचं आपलं रडनं हायेच." बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. अण्णा पण म्हणाले, "व्हय, खाल्ल्या मिठाला जागाय पायजे." ताई एकटी पडली. आणि खरं सांगायचं तर ते कुणाला चुकीचं वाटलंच नाही. ज्याने आपल्यासाठी केलं त्याच्यासमोर, तरी अजून दुखतंय, असं म्हणायला आमची जीभ वळत नाही.

साहेब आले. माणूस हसरा होता. शाल घेतली, नारळ घेतला, भिंतीवरची आम्ही काढलेली चित्रं बघितली. मग खुर्चीवर बसून एकेकाला विचारायला लागले. अण्णांचं त्या सकाळी फार बिनसलेलं होतं, ते मला त्यांच्या मुठींवरून कळत होतं. मुठी त्यांनी धोतराच्या सोग्यात लपवल्या होत्या. साहेबांनी विचारलं, काय बाबा, कसं वाटतंय?

"लई बेस हाय, सायेब. तुमच्या किरपेनं."

मग पुढचा बेस, त्याच्या पुढची झकास. मी मोरपंखी साडीत उभी राहून, कंपनीत साहेब लोकांशी बोलायचे तसल्या मराठीत, बरी आहे, आपले आभार, असं म्हणाले. साहेब पुरणपोळ्या जेवले, तूप मागून घेतलं. हात धुताना हसून म्हणाले की तुम्ही तर आमच्यापेक्षा ठणठणीत आहात. सगळे हसले. मीही हसले. ताई मोरीपाशी तांब्या धरून उभी होती, ती हसली नाही.

तिकडे मी दर सकाळी राउंडला बरी आहे म्हणत होते, कुणी खरं मानलं नाही. इथे एकदाच म्हणाले, तेवढं लगेच खरं धरलं.

०००

पैसा बंद झाला. ताईने आम्हाला गोल बसवूनच सांगितलं. इथल्या लोकांची प्रगती समाधानकारक आहे, आता ज्यांची परिस्थिती जास्त वाईट आहे तिकडे पैसा वळवणार, असं वरचं म्हणणं. कुठे वळवणार, तर मोठ्या मनोरुग्णालयाला नवी इमारत होत होती. ताई म्हणाली, तिकडे एका खाटेवर किती जातं ते कुणी विचारत नाही, इथल्या डाळीचा मात्र विचार करतात. तिचीही नोकरी गेलीच होती, पण ते ती बोलली नाही.

सरपंचबाई आम्हाला काही जणांना घेऊन नगरच्या कचेरीत गेल्या. तिथे दुसरेच साहेब होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, तेव्हा तुम्ही सगळे बरे आहोत म्हणालात, आता आजारी कसे म्हणता? अण्णा बाकावरून उठले. त्यांनी हात जोडले होते.

"सायेब," ते म्हणाले, "तवा तुमी पाव्हनं हुता."

साहेबांनी सरपंचबाईंकडे बघून विचारलं, बाबा काय म्हणतात? सरपंचबाईंनी समजावून सांगायचा प्रयत्न केला. तोवर शिपाई पुढच्या माणसाला आत घेऊन आला होता.

०००

केंद्राच्या खोल्यांत आता नळयोजनेचे पाइप ठेवले आहेत. सविताताई काही दिवस स्वतःच्या पेट्रोलने येत राहिली. मग तिला नाशकात काम मिळालं. जाताना ती आमच्याकडे येऊन बसली, चहा प्यायली, आणि कप विसळून निघाली. बोलण्यासारखं सगळं त्या खोलीत बोलून झालं होतं.

अण्णा एकटे राहायचे. गोळ्या देणारं कुणी उरलं नाही, जेवायला घालणारंही नाही. बाजारच्या दिवशी ते भर बाजारात धोतर सोडून मेंढरांना हाका मारत फिरले. माणसं मोबाईल काढून उभी राहिली. पोलिसांची गाडी आली. ज्या माणसाने आयुष्यभर उघड्यावर झोप काढली, तो आता तिकडे जाळीमागे आहे. आपल्या माणसांपैकी कुणी तिथे त्यांना भेटायला गेलेलं नाही. मीच जाईन पहिली.

माझं मी फार दिवस ओढलं. गोळ्यांना नगरला जायचं म्हणजे दादाचा दिवस मोडायचा. रांगेत माझ्याने उभं राहवायचं नाही, मग दादा उभा राहायचा. कधी औषध संपलेलं असायचं. कधी मीच म्हणायचे, या खेपेला राहू दे, आहेत अजून. नव्हत्या. सकाळी उठून कुणाला सांगावं आज कसं आहे? आईला सांगितलं तर ती रडते. वहिनी बिचारी कामात. म्हणून मी म्हणायला लागले, बरी आहे. घरातसुद्धा.

मार्चपासून आमच्याकडे टँकरचं पाणी. ते आलं की टाकी भरून घ्यायची आणि तांब्या तांब्या पुरवायची. गेल्या आठवड्यात तो आवाज म्हणाला, पाण्यात विष आहे, पोरी मरतील. मी टाकीची तोटी सोडली. सगळं पाणी अंगणातून रस्त्यावर गेलं. पिंपं पालथी केली, माठ फोडला. वहिनी आली तेव्हा मी चिखलात बसून तिच्या मुलींना हाका मारत होते, पिऊ नका, पिऊ नका. वहिनी ओरडली नाही. ती उंबऱ्यावर बसली आणि पदर तोंडात घालून रडली. शेजारच्यांनी घागरी आणून दिल्या, स्वतःच्या पुरवून ठेवलेल्या पाण्यातल्या.

संध्याकाळी दादा माझ्याजवळ येऊन बसला. बराच वेळ तो पायाच्या अंगठ्याची माती काढत होता.

"कल्पे," तो म्हणाला, "मला जमंना गं आता."

मी म्हणाले, माहीत आहे.

"नवी बिल्डिंग झालीया तिकडं. चांगली हाय म्हनत्यात."

मी म्हणाले, व्हय, असंल. त्याच्याशी मी बरेचदा त्याच्याच बोलीत बोलते. तो उठून टेम्पोकडे गेला आणि आत बसून राहिला. त्याचा मला राग येत नाही. मला राग कुणाचा येतो ते मलाच सांगता येत नाही, आणि तेच सगळ्यात वाईट आहे. शाल घेऊन हसणाऱ्या साहेबांचा यावा, तर त्यांनी आम्ही सांगितलं तेच लिहून नेलं.

०००

ज्यांच्यासाठी हे लिहिते आहे त्यांना एवढंच सांगते. तुमच्या गावात असं केंद्र असेल, आणि कुणी ते बघायला येणार असेल, तर चुना मारू नका. पुरण घालू नका. त्या दिवशी जसे असाल तसे बसा, रडू येत असेल तर रडा. तो पाहुणा नाही. पैसा त्याच्या घरचा नाही, आपलाच आहे. हे आम्हाला कळलं नाही असं नाही, आम्हाला करवलं नाही.

आज घरात पुरण शिजतंय. वहिनीने वेलदोडे कुटले, त्याचा वास इथपर्यंत येतोय. मी म्हणाले, आज काय आहे? आई पुरण घोटत राहिली. धाकटी म्हणाली, आत्या जाणार ना, म्हणून.

मोरपंखी साडी आईने सकाळीच धुतली. ती आत्ता अंगणात दोरीवर आहे. घरातलं निम्मं पाणी तिच्यावर गेलं असेल. मघाशी आई येऊन माझ्या केसांना तेल लावून गेली. घट्ट वेणी घातली आणि म्हणाली, "उद्या तीच नेस. तितल्या डाक्टरांफुडं चांगली दिसाय पायजेस."

मी हो म्हणाले. उद्या मी ती नेसणार आहे, तिथल्या दारापर्यंत.